गाळलेल्या जागी आबा

आबांचा हात माझ्या डोक्यावर होता आणि ते शपथ घेत होते की यापुढे दारूला शिवणार नाही.

शाळेचं सभागृह म्हणजे दोन वर्गांमधलं लाकडी पार्टिशन सरकवून केलेली मोठी खोली. सगळी शाळा खाली मांडी घालून बसलेली. पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे. मी तिसरीत होते. आबांच्या हाताला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, ऑइलचा वास येत होता आणि तो हात थरथरत होता. रात्रभर उभ्याने काम करून आलेल्या माणसाचा हात थरथरतोच. खुर्चीवरचं कोणीतरी म्हणालं, "देखो, हाथ भी काँप रहा है."

पाहुण्यांमध्ये ज्या मुख्य होत्या त्यांना सगळे मोठ्या बेन म्हणत होते. त्या सांगत होत्या, आबा मागून म्हणत होते.

"बोलो, मैं अपनी बेटी की कसम खाता हूँ."

आबा म्हणाले.

"आज से दारू को हाथ नहीं लगाऊँगा."

आबा तेही म्हणाले. मोठ्याने म्हणाले. टाळ्या पडल्या. माझ्या वर्गातल्या मुलींनीही वाजवल्या, कारण बाईंनी वाजवायला सांगितल्या होत्या.

माझे आबा दारू पीत नव्हते. कधीच नाही. आमच्या घरात कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट असतात. त्या घरचं दारूला न शिवण्याचं पथ्य आबांनी गाव सोडून सुरतला आल्यावरही मोडलं नव्हतं. गल्लीत लग्न असलं आणि पोरं मागच्या बाजूला बाटली घेऊन बसली की आबा जेवण अर्धं टाकून घरी येत. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मला माहीत होतं. पण त्या खोलीत ते कोणालाच माहीत नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही.

हे सगळं झालं एका खेळामुळे.

त्या आधी काही दिवस शाळेत मोठ्या बेनची संस्था आली होती. मुलांना वाचायची गोडी लागावी म्हणून त्यांनी शब्दांचा मेळा भरवला होता. मला तो मेळा अजून आठवतो. तो फार सुंदर होता, हे मी खोटं सांगणार नाही. भिंतीवर रंगीत कापडाच्या लांब पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर एक वाक्य आणि वाक्यात मधेच शब्दाऐवजी रिकामा खिसा. खाली टोपलीत शब्दांचे पुठ्ठे. टोपलीतून शब्द शोधायचा, पळत जायचं, खिशात घालायचा आणि वाक्य मोठ्याने वाचायचं. मांजर दूध काय करते. झाडावर कोण बसला. हत्तीची काय लांब. मी एकही चुकले नाही. पुस्तकातली अक्षरं मला तोपर्यंत मुंग्यांसारखी वाटायची. त्या दिवशी ती माझ्या हातात आली. ती घेऊन मला पळता येत होतं.

मग माझ्या वाट्याला एक पट्टी आली. "बाबा दिवसा" आणि एक खिसा. "आणि रात्री" आणि दुसरा खिसा. टोपलीत दोन पुठ्ठे होते. एकावर "काम करतात". एकावर "झोपतात".

मी पहिल्या खिशात "झोपतात" घातलं. दुसऱ्या खिशात "काम करतात" घातलं. आणि मोठ्याने वाचलं.

सगळे हसले. पाहुणे हसले, बाई हसल्या, आणि ते हसले म्हणून मुलंही हसली.

आबांच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूम चोवीस तास चालतात. एक पंधरवडा दिवसपाळी, एक पंधरवडा रातपाळी. तो पंधरवडा रातपाळीचा होता. मेळा थोडा आधी आला असता तर मी पुठ्ठे उलटे घातले असते आणि मला टाळ्या मिळाल्या असत्या. एवढाच फरक. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील त्या क्षणी घरी झोपलेले होते. तीही हसली.

मोठ्या बेन माझ्याजवळ आल्या. प्रेमाने खाली वाकल्या. त्यांच्या अंगाला अत्तराचा वास होता.

"अरे बेटा, उलटुं कर्युं. पप्पा दिवसे सुवे छे?" उलटं केलंस, पप्पा दिवसा झोपतात?

"हो."

"अने रात्रे?"

"रात्री जातात."

"आवे त्यारे केवा होय?"

आल्यावर कसे असतात. मी खरं सांगितलं. "डोळे लाल असतात. मोठ्याने बोलतात. मग पडतात."

लूमच्या खात्यात एकमेकांच्या कानात ओरडावं लागतं. तिथे काही वर्षं काढलेला माणूस घरीही ओरडूनच बोलतो, कारण त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. आमच्या गल्लीत सगळे बाप असेच बोलतात. ही काही सांगायची गोष्ट आहे असं मला वाटलंच नाही. मला विचारलं तेवढं मी सांगितलं. मोठ्या बेननी बाईंकडे बघितलं आणि मान हलवली. आमच्या वर्गबाई आमच्यामागच्याच रस्त्यावर राहायच्या. रातपाळी म्हणजे काय हे त्यांना पुरतं माहीत होतं. त्यांनीही मान हलवली.

मेळ्याच्या समारोपाच्या दिवशी, म्हणजे त्या शपथेच्या दिवशी, आबांना बोलावलं गेलं. ते खात्यातून तसेच आले. लाल डोळे, मोठा आवाज, सुजलेले पाय टाकत. पाहुण्यांना जे हवं होतं ते सगळं पुरावे घेऊन समोर उभं राहिलं.

घरी जाताना आबा माझ्या पुढे चालत होते. घरी माय साड्यांच्या ढिगात बसून धागे कापत होती. मार्केटमधून भरतकामाच्या साड्यांचे गठ्ठे येतात, मागच्या बाजूचे सुटे धागे घरोघरी बायका कापतात. तिने हातातली कात्री न थांबवता विचारलं, "काय म्हने शाळा?"

आबा म्हणाले, "काही नही. पोर हुशार शे म्हने."

आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्या दिवसापासून मला त्यांच्या झोपेची लाज वाटायला लागली. शाळेतून आले की आधी दार लावायची. उकाड्याने जीव जायचा तरी लावायची. दाराच्या फटीतून उजेड यायचा, तिथे मायचं जुनं लुगडं अडकवायची. कोणी मैत्रीण हाक मारत आली तर मी बाहेर पळायची, तिला उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. गल्लीत मुलं मला म्हणायची, "ओ शपथवाली, तुझा बाप सुधारला का?" म्हणणाऱ्याचा बाप त्याच वेळी आपल्या घरात तसाच भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा.

मग मी शिकले. गाळलेली जागा आली की आधी समोरच्याचं तोंड बघायचं. त्याला कोणता शब्द हवाय ते ओळखायचं. तो भरायचा.

पाचवीत "माझे बाबा" असा निबंध आला. मी लिहिलं, माझे बाबा सकाळी लवकर उठतात. बागेतल्या झाडांना पाणी घालतात. चष्मा लावून वर्तमानपत्र वाचतात. संध्याकाळी ऑफिसातून येताना माझ्यासाठी गोष्टींचं पुस्तक आणतात. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. आमच्या खोलीला बाग सोडा, खिडकीही नव्हती. हे बाईंनाही माहीत होतं. त्यांनी "शाब्बास" म्हटलं.

पुढे दरवर्षी तो माणूस माझ्या निबंधात आला. सातवीत त्याने मला सायकल शिकवली. नववीत त्याने मला अपयशाने खचू नये असा उपदेश केला. दहावीच्या बोर्डाच्या पेपरातही तो होता. मी त्याला इतक्या वेळा लिहिलं की तो आमच्या खोलीत राहायला आला. हे कसं सांगावं मला कळत नाही. मला वेड लागलेलं नाही. पण तो असायचा. एकदा आबांना खूप ताप होता. मी त्यांच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होते आणि माझ्या पाठीमागे, जिथे आमच्याकडे खुर्ची नाहीच, तिथे तो खुर्चीत बसून पेपर वाचत होता. मला पान उलटल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही. वळले असते आणि तो दिसला असता तर मी काय केलं असतं?

आणि दिसला नसता तर?

आबांच्या ताटात मी भाकरी वाढायची तेव्हा तो बघत असायचा. आबा ओरडून पाणी मागायचे तेव्हा तो कपाळाला आठ्या घालायचा. माझा बाप माझ्याच घरात परका झाला होता, आणि जो घरी मालकासारखा बसला होता तो मी एका शब्दाच्या भीतीने तयार केला होता.

आता मी कॉलेजात आहे. बी.ए.चं शेवटचं वर्ष. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आबा आता सुरतेबाहेर, सचिन नावाच्या कारखान्यांच्या भागात एका खात्यात जातात. गेल्या वर्षापासून मी आमच्याच भागात एका संस्थेच्या अभ्यासवर्गात ताई म्हणून जात होते. ही संस्था वेगळी. जी माणसं शाळेत आली होती ती ही नव्हेत. काम मात्र तेच, मुलांना खेळातून वाचायला शिकवायचं.

मला ते काम आवडत होतं. गाळलेल्या शब्दांचा खेळ मी माझ्या पद्धतीने खेळायचे. मुलांनाच शब्द करायचे. एकेकाच्या हातात एकेक पुठ्ठा, सगळे ओळीत उभे, वाक्य तयार. मधे एका मुलाची जागा मोकळी. ज्याला सुचेल त्याने पाटीवर शब्द लिहायचा आणि धावत येऊन त्या जागेत उभं राहायचं. मग सगळ्यांनी मिळून वाचायचं. "आजीच्या पिशवीत" या वाक्यात बिस्किट आलं, तंबाखू आली, एकदा पोलीस आला. पोलीस घेऊन आलेल्या पोराला मी विचारलं, "पिशवीत पोलीस कसा मावेल रे?" तो म्हणाला, "ताई, घडी करून." आम्ही हसून हसून खाली बसलो. मुलं तेव्हा कोणाला हसत नव्हती. नुसती हसत होती. ते हसणं मी कधी विसरणार नाही. मला वाटायचं, हे हसणं ऐकून तो पेपर वाचणारा माणूस उठून जाईल.

बी.ए. झाल्यावर संस्थेच्या शाळेत मला घ्यायचं असं तिथल्या मुख्य मॅडमनी सांगितलं होतं. मॅडम मराठीच, पण अडाजणला, शहराच्या चांगल्या भागात राहणाऱ्या. माझ्यावर त्यांचा जीव होता. पाहुण्यांना म्हणायच्या, "ही आमची मुलगी. याच वस्तीतली." त्या नोकरीवर आमच्या घराचं पुढचं सगळं ठरलं होतं. मायचे डोळे धागे कापून अधू झालेत. ते काम तिने सोडायचं, हे ठरलं होतं.

या आठवड्यात मॅडम वर्ग बघायला आल्या. आमचा खेळ चालू होता. वाक्य होतं, "रविवारी आम्ही घरी." पुढे मोकळी जागा. दुसरीतली ज्योती पाटी घेऊन धावली आणि जागेत उभी राहिली. पाटीवर लिहिलं होतं, "धागे कापतो." सगळा वर्ग ओरडला, "बरोबर!" कारण रविवारी सगळ्यांच्या घरी तेच असतं. सोमवारी गठ्ठा परत जायचा असतो. ज्योतीने पहिल्यांदा दोन शब्द एकही खोडाखोड न करता लिहिले होते. तिने पाटी डोक्यावर धरली.

मॅडमनी तिचा फोटो काढला. मग मला बाजूला घेतलं.

"ही पण कापते?"

"आईजवळ बसते. थोडं कापते."

"हिच्या आईला निरोप दे. रविवारी पालकांचा कार्यक्रम आहे. मंचावर संकल्प घ्यायला लावू. मुलीला काम करू देणार नाही म्हणून. छान उदाहरण होईल."

माझ्या डोक्यावर आबांच्या त्या हाताचं वजन आलं. खरंच आलं. मला वाटलं, मी आता "हो मॅडम" म्हणणार. मी नेहमी समोरच्याचं तोंड बघून शब्द भरते.

मी म्हटलं, "मॅडम, तिचं उत्तर बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणूनच बोलवायचंय ना."

"मग साड्या ज्यांच्या आहेत त्यांनाही मंचावर बोलवा."

"म्हणजे?"

"मार्केटमधले ते शेठ येणारच आहेत. पहिल्या रांगेत. त्यांचाच सत्कार आहे."

मॅडम हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुला कोणी शिकवलं हे? अगं, ते पैसे देतात म्हणून हा वर्ग चालतो. तुझ्या नोकरीचं मी त्यांच्याशीच बोललेय. उगाच डोकं चालवू नकोस. निरोप दे तिच्या आईला."

"नाही देणार."

आवाज इतका बारीक आला की मलाच ऐकू आला की नाही कळेना. म्हणून पुन्हा म्हटलं. "मी नाही देणार, मॅडम."

ज्योतीने पाटी खाली घेतली होती आणि ती पाटीवरचं अक्षर बोटाने तपासत होती. तिला वाटलं असणार, आपलंच काही चुकलं. त्या बोटाकडे बघून माझी उरलेली भीती गेली. मी तिच्याकडे गेले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "ज्योती, तुझं वाक्य बरोबर आहे. वर धर."

मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

घरी आबा रातपाळीला निघायच्या तयारीत होते. डबा बांधत होते. मी त्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. ही गोष्ट ओरडून सांगावी लागते हेही विचित्र. शेजारच्या खोलीत पण ऐकू गेलं असेल.

आबांनी डब्याची गाठ मारली. "काब्रं सोडं?" का सोडलंस? "सोगन लेवाले काय जास? मी लिधी ना. मरी गऊ का?"

शपथ घ्यायला काय जातं. मी घेतली ना. मेलो का.

इतक्या वर्षांत ते त्या दिवसाबद्दल पहिल्यांदा बोलले. मी एवढी वर्षं एकाच गोष्टीवर जगत होते की आबांना तेव्हा नीट ऐकू आलं नसेल. लूममुळे कान गेलेले. हिंदी कच्ची. काय म्हणायला लावतात ते न कळता म्हणाले असतील.

"आबा, तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"येयेल व्हतं." आलं होतं.

"मग नाही का म्हटलं नाही?"

आयुष्यात पहिल्यांदा ते हळू बोलले. "नही म्हन्तू, आन् तुले शाळामाईन काढी टाकतात तर?"

आणि चप्पल घालून गेले.

नाही म्हटलं असतं आणि तुला शाळेतून काढलं असतं तर. माझं सगळं शिक्षण या एका वाक्यावर उभं आहे. निबंध, बोर्ड, कॉलेज, सगळं. माय रडली नाही. तिने पुढची साडी ओढली आणि म्हणाली, "आते काय करशी?" मी तिच्यासमोर बसले, दुसरी कात्री घेतली.

निरोप काही थांबला नाही. दुसऱ्या ताईने दिला. परवा सकाळी ज्योतीची आई आमच्या दारात आली. खूश होती.

"ताई, मला मंचावर बोलावलंय म्हणे. ज्योतीचं बक्षीस आहे का? साडी कोणती नेसू? तुम्ही सांगा, तुम्हाला कळतं."

मी तिला आत बसवलं. आबा झोपलेले होते. मी दार उघडंच ठेवलं. तिला सांगितलं कशासाठी बोलावलंय ते. तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "मग नको जाऊ?"

"जाऊ. दोघी जाऊ."

"मला बोलता येत नाही, ताई."

"मलाही येत नाही."

उद्या रविवार. मला बोलावलेलं नाही. मी जाणार आहे. नोकरी परत मिळणार नाही, माय धागे कापत राहील, हे मला माहीत आहे. मुलांनी धागे कापू नयेत असं मलाही वाटतं. लहानपणी मीही कापले आहेत, बोटं कशी कापतात ते मला कोणी सांगायला नको. पण ते थांबवणं ज्योतीच्या आईच्या हातात नाही. ज्यांच्या हातात आहे ते हार घालून घ्यायला समोर बसणार आहेत.

ज्योतीच्या आईला मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवू देणार नाही. तो हात मी धरून ठेवणार. आणि पहिल्या रांगेकडे बघून एवढंच सांगणार की पोटापुरती मजुरी बाईला एकटीच्या कामात मिळेल, पोरीला जवळ बसवावं लागणार नाही, ही शपथ आधी तुम्ही घ्या. उभं राहून घ्या, आमच्यासमोर घ्या.

मला खाली बसा म्हणतील. ते उभे राहिल्याशिवाय मी बसणार नाही.